बाहेरचं प्लग-इन आपल्या अ‍ॅपमध्ये लोड करायचं, तर

मी ज्या डेस्कटॉप अ‍ॅपची देखभाल करते ते प्रयोगशाळेतल्या मोजमाप यंत्रांच्या फाइली वाचतं आणि त्यांचे आलेख काढतं. यंत्र बदललं की फाइलची मांडणी बदलते. सगळ्या मांडण्या आम्हीच वाचायच्या म्हटलं तर काम कधीच संपणार नाही. म्हणून फाइल वाचण्याचं काम प्लग-इनकडे, म्हणजे वरून जोडता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, सोपवलं आहे, आणि ती प्लग-इन बाहेरची माणसं लिहितात. कुणी संशोधक असतात, कुणी यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ. त्यांना सी भाषा येते, पण लोडरशी, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममध्ये बाहेरचा कोड आणणाऱ्या सिस्टिमच्या भागाशी, झगडत बसायला त्यांच्याकडे वेळ नसतो. आपलं प्लग-इन लोड का झालं नाही हे त्यांना पहिल्याच खेपेला नेमकं कळलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे. पुढची सगळी पद्धत त्याच आग्रहातून तयार झाली आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर ती चालते.

आधी करार ठरवा

प्लग-इनची फाइल म्हणजे एक लायब्ररी, दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायच्या कोडचा गठ्ठा. ती लोड करणारं फंक्शन एका ओळीचं असतं. विंडोजवर लोडलायब्ररी, बाकी दोन्हीकडे डीएलओपन. खरं काम त्याच्या आधीचं आहे: अ‍ॅप आणि प्लग-इन एकमेकांशी काय बोलणार, हे ठरवणं.

माझं मत ठाम आहे. या दोघांमधल्या सीमेवर फक्त सी. आतून तुम्ही सी++ वापरा, रस्ट वापरा, काहीही वापरा. सीमा ओलांडताना साधे सी-पद्धतीचे फंक्शन, ठरावीक रुंदीचे पूर्णांक आणि पॉइंटर (मेमरीतले पत्ते), इतकंच. सी++ मध्ये फंक्शनचं नाव प्रत्येक कंपाइलर आपापल्या रीतीने बदलून लिहितो, म्हणून नाव शोधायला गेलात की सापडत नाही. नाव बदलू नकोस असं कंपाइलरला सांगणाऱ्या ‘एक्स्टर्न सी’ने ते सुटतं. पण स्ट्रिंग किंवा व्हेक्टरसारखा वर्ग सीमेपलीकडे पाठवलात तर गाठ सुटत नाही, कारण त्याची मेमरीतली मांडणी कंपाइलरवर आणि त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. २०१५ मध्ये जीसीसी या कंपाइलरची ५वी आवृत्ती आली तेव्हा त्याच्या प्रमाण लायब्ररीतल्या स्ट्रिंगची मांडणीच बदलली. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरवर डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) आणि रिलीज (वाटण्याच्या) बिल्डमधली स्ट्रिंगसुद्धा एकसारखी नसते. प्लग-इन कुणी कशावर बिल्ड केलंय यावर तुमचा ताबा नाही, मग त्यावर भिस्त कशाला ठेवायची?

ध्वनीच्या जगातली प्लग-इन पाहा. लॅडस्पा या प्लग-इन मानकामध्ये बाहेर दिसणारं एकच सी फंक्शन असतं, आणि त्याला हाक मारली की वर्णनाचा स्ट्रक्ट (माहितीचा एकत्र गठ्ठा) मिळतो. बऱ्याच नंतर आलेल्या क्लॅप या मानकामध्येही प्रवेशद्वार एकच, तेही सी मध्येच. मीही तेच करते. प्रत्येक प्लग-इन एकच फंक्शन एक्स्पोर्ट करतं, म्हणजे बाहेर दिसू देतं, आणि ते फंक्शन-पॉइंटरांचा एक तक्ता परत देतं. तक्त्यातलं पहिलं घर त्याच्या आकाराचं, दुसरं कराराच्या आवृत्तीचं. नवं फंक्शन हवं असेल तर ते तक्त्याच्या शेवटी जोडायचं. मधे घुसवायचं नाही आणि जुनं काढायचंही नाही. जुन्या प्लग-इनचा तक्ता आखूड असतो. अ‍ॅप आकार बघतं आणि पुढच्या घरांना हातच लावत नाही. इतक्या साध्या युक्तीने जुनी प्लग-इन पुन्हा बिल्ड न करता चालत राहतात.

उलट दिशेनेही असाच तक्ता द्या. प्लग-इनला नोंद लिहायची असेल, प्रगती कळवायची असेल, तर अ‍ॅपने आपल्या फंक्शनांचे पॉइंटर त्याच्या हाती सोपवावेत. प्लग-इनने मुख्य प्रोग्रॅममधली नावं स्वतः शोधावीत असं ठेवलंत, तर विंडोजवर वेगळी इम्पोर्ट लायब्ररी पुरवावी लागते, लिनक्सवर मुख्य प्रोग्रॅम लिंक करताना आरडायनॅमिकचा पर्याय लावावा लागतो, आणि प्लग-इन लिहिणाऱ्याचं डोकं तिथेच उठतं.

करारात आणखी तीन गोष्टी ठळक अक्षरांत लिहून ठेवा. ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती सोडायची, कारण विंडोजवर प्रत्येक लायब्ररी आपल्या सी रनटाइमचा (सी प्रोग्रॅमला चालताना लागणाऱ्या पायाभूत कोडचा) वेगळा हीप, म्हणजे मेमरीचा साठा, घेऊन येऊ शकते, आणि एकाची मेमरी दुसऱ्याने मोकळी केली की क्रॅश कुठे होईल याचा नेम नसतो. एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्यावर फेकला जाणारा इशारा, याने सीमा ओलांडता कामा नये. आतच पकडायची आणि एरर कोड द्यायचा. मजकूर सगळा यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात.

बिल्ड करताना

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरने बनवलेल्या डीएलएलमधलं (विंडोजच्या लायब्ररी फाइलीतलं) काहीच आपोआप बाहेर दिसत नाही. डीएलएलएक्स्पोर्टची खूण लावावी लागते. लिनक्स आणि मॅकवर उलट, सगळंच बाहेर दिसतं. प्लग-इनच्या पोटात दडलेल्या एखाद्या कॉम्प्रेशन लायब्ररीची नावंसुद्धा बाहेर येतात आणि लिनक्सवर दुसऱ्या कुणाच्या तरी नावांशी जाऊन भिडतात. म्हणून तिथे सगळं लपवून ठेवणारा व्हिजिबिलिटी हिडनचा पर्याय द्यायचा आणि ते एकच फंक्शन उघडं ठेवायचं. ही मॅक्रोची चार ओळींची जुळणी तुमच्या हेडरमध्ये तयार ठेवा. ती प्रत्येक प्लग-इन लेखकाला पुन्हा लिहायला लावणं अन्यायाचं आहे.

सीमेक हे बिल्डचं साधन वापरत असाल तर लायब्ररीचा प्रकार ‘मॉड्यूल’ ठेवा. त्यात एक खोच आहे: मॅकवर मॉड्यूलची फाइल डायलिब या तिथल्या नेहमीच्या शेपटाने येत नाही, तिला एसओ हेच शेपूट लागतं. शिवाय लिनक्स-मॅकवर नावापुढे ‘लिब’ चिकटतं, मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरवर चिकटत नाही. म्हणून फाइलच्या नावावरून प्लग-इन ओळखू नका. मी प्रत्येक प्लग-इनला स्वतःचा फोल्डर देते आणि त्यात एक छोटी जेसन फाइल (साध्या मजकुरात लिहिलेली माहिती): नाव, लेखकाची आवृत्ती, कराराची आवृत्ती, आणि कुठल्या सिस्टिमवर व कुठल्या प्रोसेसरवर कुठली फाइल उघडायची. एका ओळीचाही कोड न चालवता यादी दाखवता येते, न जुळणारं प्लग-इन दारातच थांबवता येतं. क्यूटी या सॉफ्टवेअर-संचाचा प्लग-इन लोडरसुद्धा माहिती अशीच लायब्ररीत कोरून ठेवतो आणि लोड न करता वाचतो.

कुठे शोधायचं

दोन जागा पुरेत: अ‍ॅपसोबत आलेल्या प्लग-इनचा फोल्डर आणि वापरकर्त्याचा स्वतःचा. दुसरा विंडोजवर अ‍ॅपडेटात, मॅकवर वापरकर्त्याच्या लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये, लिनक्सवर एक्सडीजी या मानकाने ठरवलेल्या डेटा फोल्डरमध्ये. मॅकवर वापरकर्त्याची प्लग-इन अ‍ॅपच्या बंडलमध्ये कधीच टाकायची नाहीत. बंडल म्हणजे त्याचा स्वतःचा फोल्डर, आणि त्यात फाइल वाढली की त्याची डिजिटल सही मोडते.

आणि लोडरला नेहमी पूर्ण पाथ (फाइलचा फोल्डरांसकट पत्ता) द्या. नुसतं नाव दिलंत तर शोध कुठे घ्यायचा हे सिस्टिम ठरवते. लिनक्सवर नावात तिरकी रेघ नसेल तर डीएलओपन पर्यावरण चलात दिलेले आणि सिस्टिमचे फोल्डर धुंडाळतं, तुमच्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाही. विंडोजवर मामला अधिक गंभीर. चालू फोल्डरमधून डीएलएल उचलली जाण्याची खोड २०१० मध्ये चव्हाट्यावर आली. दस्तऐवजाशेजारी दुष्ट डीएलएल ठेवायची, वापरकर्ता दस्तऐवज उघडतो, अ‍ॅप शेजारची डीएलएल लोड करतं. चालू फोल्डर शोधातून काढण्यासाठी अ‍ॅप सुरू होताच सेटडीएलएलडिरेक्टरीला रिकामी स्ट्रिंग द्या.

विंडोजवर लोड

लोडलायब्ररीएक्सचं डब्ल्यू रूप वापरा, म्हणजे यूटीएफ-१६ पाथ घेणारं. जुन्या संकेतनातला पाथ घेणारं ए रूप वापरलंत तर वापरकर्त्याच्या फोल्डरचं नाव देवनागरीत असताना बहुतेक यंत्रांवर पाथच बिघडतो. पाथमध्ये उलट्या तिरक्या रेघा हव्यात. सरळ तिरक्या असतील तर आधी बदलून घ्या. सोबत दोन पर्याय द्यायचे: लायब्ररी ज्या फोल्डरात आहे तिथेच तिची अवलंबनं (तिला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररी) शोध, आणि बाकी नेहमीच्या सुरक्षित जागा बघ. विंडोज ८ पासून हे पर्याय हजर आहेत, ७ वर त्यासाठी अपडेट लागतं.

लोड फसलं की ताबडतोब गेटलास्टएरर वाचा. मधे नोंद लिहिण्याचं फंक्शन जरी चाललं तरी तो आकडा पुसला जाऊ शकतो. तीन आकडे पाठच करून ठेवा. १९३ म्हणजे फाइल या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) चालणारी नाही, बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिटची गल्लत. १२७ म्हणजे लायब्ररी आहे पण हवं ते फंक्शन तिच्यात नाही. आणि १२६, ज्याने प्लग-इन लेखकांना सर्वांत जास्त छळलं आहे.

१२६ चा अर्थ ‘मॉड्यूल सापडलं नाही’. माणूस फोल्डर उघडतो, फाइल समोर दिसते, आणि तो चक्रावतो. सापडलेलं नसतं ते दुसरंच काहीतरी: त्या डीएलएलला लागणारी डीएलएल, किंवा तिला लागणारी तिसरी. कुठली, ते विंडोज सांगत नाही. मग ते आपण सांगायचं. माझ्या अ‍ॅपमध्ये १२६ आला आणि फाइल जागेवर असली, की मी ती फाइल नुसता डेटा म्हणून उघडते, तिचा इम्पोर्ट तक्ता (तिला लागणाऱ्या डीएलएलची यादी) वाचते, आणि त्यातलं प्रत्येक नाव प्लग-इनच्या फोल्डरात, अ‍ॅपच्या फोल्डरात आणि सिस्टिम३२ मध्ये आहे का ते बघते. ‘एपीआय-एमएस-विन’ने सुरू होणारी नावं सोडून द्यायची, त्या खऱ्या फाइली नसतात, विंडोज त्यांना आतल्या आत दुसरीकडे वळवतं. उरलेल्यांतलं जे नाव सापडलं नाही ते संदेशात छापायचं. शंभरएक ओळींचं काम आहे, आणि या अ‍ॅपमधला मला सर्वांत प्रिय कोड तोच आहे. एका संशोधक बाईंनी ‘सी रनटाइमची अमुक फाइल नाही’ हा संदेश वाचला, ती बसवली आणि लगेच त्यांचे आलेख दिसू लागले. मला पत्र लिहिण्याची वेळच त्यांच्यावर आली नाही.

लिनक्सवर लोड

डीएलओपनला दोन पर्याय द्या: आरटीएलडी नाऊ आणि आरटीएलडी लोकल.

नाऊ म्हणजे सगळी नावं आत्ताच जुळवून घे. त्याऐवजी लेझी (गरज पडेल तेव्हा जुळव) दिलंत तर न सापडलेलं फंक्शन पहिल्यांदा हाक मारेपर्यंत लपून राहतं. वापरकर्ता मोजमापाची फाइल उघडून बराच वेळ काम करतो, मग एक बटण दाबतो, आणि अख्खी प्रोसेस बंद पडते. न जतन केलेलं काम गेलं. सुरुवातीचे काही मिलिसेकंद वाचवण्यासाठी ही किंमत मला कबूल नाही.

लोकल म्हणजे या प्लग-इनची नावं पुढच्या प्लग-इनांना दिसू देऊ नकोस. दोन लेखकांनी एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आपापल्या प्लग-इनच्या पोटात आणल्या तर त्या वेगळ्या राहतात. लिनक्सवर काहीच नाही दिलं तरी लोकल धरलं जातं, मॅकवर मात्र ग्लोबल. म्हणून दोन्हीकडे स्पष्ट लिहा. एक सावधगिरी: मुख्य प्रोग्रॅमसोबत आधीच लोड झालेली नावं लोकलने अडत नाहीत. प्लग-इनच्या पोटातली कॉम्प्रेशन लायब्ररी आपल्याच फंक्शनला हाक मारते आणि हाक अ‍ॅपच्या जुन्या प्रतीकडे जाते, असं होऊ शकतं. वर सांगितलेलं नावं लपवणं इथे कामी येतं. स्टॅटिक लायब्ररी पोटात घेतली असेल तर लिंकरचा ‘एक्सक्लूड लिब्ज’ हा पर्यायही द्यायचा.

प्लग-इनची अवलंबनं त्याच्या शेजारीच सापडावीत यासाठी बिल्ड करताना रनपाथमध्ये (लायब्ररीत कोरलेल्या शोधाच्या जागांत) ‘ओरिजिन’ लिहावं लागतं. लोडर त्याच्या जागी त्या लायब्ररीचा फोल्डर भरतो. आधीच बिल्ड झालेल्या फाइलीत पॅचएल्फ या साधनाने बदलता येतं. चाचपणीसाठी रीडएल्फ आणि एनएम ही साधनं पुरतात. एलडी_डीबग हा पर्यावरण चल ‘लिब्ज’ करून अ‍ॅप चालवलंत तर लोडरने कुठे कुठे शोधलं ते ओळीओळीने दिसतं. लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारं एलडीडी मात्र अनोळखी फाइलीवर चालवू नका. काही परिस्थितीत ते त्या फाइलीतला कोड चालवू शकतं.

अमुक आवृत्तीची जीलिबसी (लिनक्सवरची पायाभूत सी लायब्ररी) सापडली नाही, असा मजकूर आला तर प्लग-इन नव्या लिनक्सवर बिल्ड होऊन जुन्यावर आलं आहे. उपाय एकच: ज्या सर्वांत जुन्या लिनक्सला आधार द्यायचा, त्यावर बिल्ड करायचं. त्याचा एक कंटेनर (कुठेही चालवता येणारी बंदिस्त प्रतिकृती) तयार करून प्लग-इन लेखकांना द्या.

मॅकवर लोड

फंक्शन तेच, पण मॅकवर प्रश्न बहुधा सहीचा असतो. नोटरायझेशनसाठी अ‍ॅपला (अ‍ॅपलच्या तपासणीतून पार होण्यासाठी) हार्डन्ड रनटाइम ही कडक सुरक्षेची व्यवस्था लागते, आणि ती लागली की लायब्ररी व्हॅलिडेशन सुरू होतं: अ‍ॅपलची किंवा तुमच्याच टीमची सही असलेली लायब्ररीच लोड होते. बाहेरच्या माणसाचं प्लग-इन हवं असेल तर ते व्हॅलिडेशन बंद करण्याची एंटायटलमेंट (खास परवानगी) घ्यावी लागते. ती मुख्य अ‍ॅपला देण्याआधी विचार करा. मी ती फक्त प्लग-इन चालवणाऱ्या मदतनीस प्रोसेसला दिली आहे. मुख्य अ‍ॅप बंदिस्तच आहे.

ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीवर क्वारंटाइनची (बाहेरून आल्याची) खूण असते, त्यामुळेही लोड अडू शकतं. २०२० पासूनच्या अ‍ॅपल सिलिकॉन यंत्रांवर तिथल्या मूळ कोडला निदान अ‍ॅड-हॉक (ओळखपत्राशिवाय केलेली) सही तरी हवीच. आणि एआरएम प्रोसेसमध्ये इंटेलची लायब्ररी चालत नाही. इंटेलचा कोड तिथे चालवणारं रोझेटा अख्खी प्रोसेस भाषांतरित करतं, तिचा तुकडा नाही. लिपो या साधनाने दोन्ही प्रोसेसरांचा कोड एका फाइलीत बांधा. ‘ओरिजिन’चं मॅकवरचं रूप म्हणजे ‘अ‍ॅट लोडरपाथ’. ओटूलने बघायचं, इन्स्टॉलनेमटूलने बदलायचं, आणि बदलल्यावर पुन्हा सही करायची, कारण बदलाने आधीची सही बाद होते.

लोड झाल्यावर

फंक्शन शोधा, हाक मारा, तक्त्याचा आकार आणि आवृत्ती तपासा, मगच प्लग-इनचं सुरुवातीचं फंक्शन चालवा. यातली कुठलीही पायरी फसली तर संदेशात चार गोष्टी हव्यात: प्लग-इनचं नाव, फाइलचा पूर्ण पाथ, आपल्या शब्दांत कारण, आणि सिस्टिमने दिलेला मूळ मजकूर जसाच्या तसा. डीएलओपनच्या चुकीचा मजकूर देणारं डीएलएरर एकदा वाचलं की पुसलं जातं, म्हणून वाचताच जपून ठेवा. नुसतं ‘प्लग-इन लोड होऊ शकलं नाही’ लिहिणं म्हणजे समोरच्या माणसाची संध्याकाळ फुकट घालवणं.

डीएलएलमेनमध्ये (डीएलएल लोड होताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) किंवा ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये प्लग-इनने जड काम करू नये, हे करारात सांगा. त्या वेळी विंडोजचं लोडर लॉक धरलेलं असतं. तिथून दुसरी लायब्ररी लोड केली किंवा थ्रेडची (समांतर चालणाऱ्या कामाची) वाट पाहिली तर अ‍ॅप जागीच गोठू शकतं.

क्रॅशसाठी एक सोपी तरतूद: लोड करण्याआधी त्या प्लग-इनच्या नावाची खूण-फाइल लिहा, सुरळीत सुरू झालं की पुसा. पुढच्या वेळी अ‍ॅप उघडताना खूण तशीच सापडली तर ते प्लग-इन बंद ठेवून वापरकर्त्याला विचारा. नाहीतर एका वाईट प्लग-इनमुळे अ‍ॅप उघडतच नाही, आणि उघडल्याशिवाय ते प्लग-इन काढताही येत नाही. याहून भक्कम संरक्षण हवं तर प्लग-इन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचं. गिम्प या चित्र-संपादकाची प्लग-इन अशीच चालतात. डेटा इकडून तिकडे नेण्याचा खर्च वाढतो, पण फाइल वाचण्यासारख्या कामात तो परवडतो. ध्वनीच्या थेट प्रक्रियेत हिशेब अवघड होतो.

क्यूटीचं क्यूलायब्ररी, एसडीएलचं लोडऑब्जेक्ट, रस्टमधलं लिबलोडिंग, डॉटनेट कोअर ३.० पासूनचं नेटिव्हलायब्ररी, ही लायब्ररी लोड करण्याची तयार साधनं आहेत, यांतलं काहीही वापरा. तिन्ही सिस्टिमवर फंक्शनांची नावं सारखी होतात, वर सांगितलेले प्रश्न जागच्या जागी राहतात.

अनलोड

माझा सल्ला: करू नका. प्लग-इनने सुरू केलेला थ्रेड अजून चालू असेल, कुठेतरी त्याच्या फंक्शनचा पॉइंटर उरला असेल, तर पायाखालचा कोड नाहीसा होतो. शिवाय लायब्ररी सोडणारं डीएलक्लोज म्हणजे अनलोड होईलच असं नाही. मसल या सी लायब्ररीत ते काहीच करत नाही. प्लग-इन ‘बंद’ करायचं म्हणजे त्याला काम देणं थांबवायचं. अ‍ॅप बंद होताना सिस्टिम सगळं आवरते.

प्लग-इन लिहिताना सारखं नवं बिल्ड तपासायचं असतं, तेवढ्यापुरता अपवाद. लोड झालेली डीएलएल विंडोजवर फाइल अडवून धरते आणि नवं बिल्ड तिथे बसत नाही. म्हणून मूळ फाइलची वेगळ्या नावाने प्रत काढून ती प्रत लोड करा. लिनक्सवर फाइल अडत नाही, पण चालू लायब्ररीवरच नवी फाइल ओतली तर अ‍ॅप कोसळतं. नवी फाइल शेजारी लिहून मग नाव बदलायचं.

बिघडलेली प्लग-इन जपून ठेवा

अ‍ॅपच्या चाचण्यांमध्ये मी मुद्दाम मोडकी प्लग-इन ठेवते. एकात एक्स्पोर्ट केलेलं फंक्शन नाही. एकाचा तक्ता जुना आणि आखूड आहे, तो चाललाच पाहिजे. एक भविष्यातल्या आवृत्तीचं आहे. एकाची शेजारची लायब्ररी काढून टाकली आहे, एक चुकीच्या प्रोसेसरसाठी बिल्ड केलेलं, एक सुरू होतानाच क्रॅश होणारं, आणि एक देवनागरी नावाच्या, मधे मोकळ्या जागा असलेल्या फोल्डरात. तिन्ही सिस्टिमवर प्रत्येक बिल्डला ही सगळी लोड करून बघितली जातात, आणि चाचणी पास व्हायला नुसतं अपयश पकडणं पुरत नाही: संदेशात प्लग-इनचं नाव, पाथ आणि नेमकं कारण आलं आहे की नाही, तेही जुळवून पाहिलं जातं. ही चाचणी कंपाइलर वगैरे काही न बसवलेल्या कोऱ्या यंत्रावर चालवा. विकसकाच्या यंत्रावर हरवलेली लायब्ररी कुठून ना कुठून सापडतेच.